आधीं पट वाचावा

खेळ दोन प्रकारचे असतात. एकांत हात चपळ लागतो, दुसऱ्यांत डोकें शांत लागतें. संगणकाच्या पडद्यावरील खेळ म्हटला कीं बहुतेक वडीलधाऱ्या मंडळींच्या डोळ्यांपुढें पहिलाच प्रकार उभा राहतो : धांवणें, उड्या मारणें, बंदुका झाडणें आणि बोटांची एकसारखी धडपड. परंतु त्याच पडद्यावर दुसऱ्या प्रकारचे खेळही आहेत. त्यांत बुद्धिबळाप्रमाणें प्रथम एका पक्षाची पाळी आणि मग दुसऱ्याची. खेळणारानें एका चालीसाठीं पाऊण तास घेतला तरी प्रतिपक्ष तोंपर्यंत स्वस्थ उभा असतो. अशा खेळांत हार झाली तर ‘वेळ मिळाला नाहीं’ ही सबब चालत नाहीं. म्हणूनच त्यांत सुधारणा कशी करावी हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. कारण येथें जी चूक नडते ती बोटांची नसून बहुधा विचारपद्धतीची असते.

उदाहरणासाठीं ‘इन्टू द ब्रीच’ हा एकच खेळ घेणें सोयीचें होईल. मॅथ्यू डेव्हिस व जस्टिन मा या दोघांच्या ‘सबसेट गेम्स’ या छोट्या संस्थेनें तो २०१८ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं ‘द गेम अवॉर्ड्स’ या समारंभांत डावपेचांच्या सर्वोत्कृष्ट खेळाचें पारितोषिक त्याला मिळालें. पुढें २०२२ च्या जुलैंत त्याची वाढविलेली आवृत्ति निघाली, आणि ज्यांच्याजवळ मूळ खेळ होता त्यांना ती विनामूल्य देण्यांत आली.

खेळाची कल्पना थोडक्यांत अशी. जमिनीखालून ‘व्हेक’ नांवाचे प्रचंड कीटक वर येतात आणि माणसांच्या वस्त्यांवर तुटून पडतात. त्यांना तोंड देण्यासाठीं खेळाडूच्या हातीं फक्त तीन यंत्रयोद्धे असतात. प्रत्येकांत एक चालक बसलेला असतो. पट बुद्धिबळासारखाच, आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ घरांचा. कांहीं घरांत इमारती, कांहींत डोंगर, कोठें पाणी, कोठें रान. इमारतींना मार बसला कीं वीजपुरवठा कमी होतो, आणि तो शून्यावर आला कीं डाव संपला. एकेक लढाई बहुधा चार-पांच पाळ्यांची असते. तेवढ्या पाळ्या निभावल्या कीं उरलेले कीटक आपोआप जमिनींत परत जातात.

या खेळाचा विशेष असा कीं, प्रतिपक्ष आपला बेत आधींच उघड करतो. कीटक प्रथम चालून येतात, आपापलें लक्ष्य धरतात आणि थांबतात. कोण कोणत्या घरावर प्रहार करणार, त्यानें किती नुकसान होणार, कोणाचा प्रहार आधीं व कोणाचा नंतर, आणि कोणत्या घरांतून नवे कीटक वर येणार, हें सारें पाहूं म्हटल्यास पटावर दिसतें. मग खेळाडूची पाळी येते, आणि ती संपल्यावर ते प्रहार घडतात. बुद्धिबळांत समोरच्याच्या मनांतील चाल ताडावी लागते. येथें ती फळ्यावर लिहून ठेवलेली असते. गणिताच्या पुस्तकांत उत्तर मागें छापलेलें असावें तशी ही स्थिति आहे. आणि तरीही खेळणारे चुकतात! तें कां, हें पाहिलें म्हणजे सुधारण्याचा मार्गही सांपडतो.

पहिलें कारण असें कीं, नवशिका पट वाचण्यापूर्वींच हात घालतो. जो कीटक प्रथम नजरेस पडतो, किंवा जो सर्वांत जवळ असतो, त्याच्यावर तो आपला पहिला योद्धा धाडतो. एक शत्रु पडला म्हणून त्याला समाधान वाटतें. नंतर ध्यानांत येतें कीं, दुसरीकडे दोन इमारतींवर प्रहार होणार आहेत आणि तेथवर पोंचेल असा योद्धा उरलेला नाहीं. परीक्षेंत पहिलाच प्रश्न सोडवींत बसणाऱ्या आणि शेवटच्या दहा मिनिटांत उरलेले चार प्रश्न पाहणाऱ्या विद्यार्थ्याची जी गत, तीच याची.

यावर उपाय सोपा आहे, पण तो दर पाळीस न चुकतां करावा लागतो. कोणत्याही योद्ध्यास हात लावण्यापूर्वीं तीन गोष्टी मोजाव्या. कोणत्या इमारतींवर प्रहार ठरले आहेत? कोणत्या योद्ध्यांवर ठरले आहेत? आणि कोणत्या घरांतून नवे कीटक निघणार आहेत? या तिन्हींची बेरीज झाली म्हणजे त्या पाळीचें खरें काम किती आहे तें कळतें. काम तीनच असेल तर तीन योद्धे पुरतील. पांच असेल तर एखाद्या योद्ध्याच्या एका चालींत दोन कामें साधावीं लागतील, आणि तशी चाल कोणती, याचाच शोध प्रथम करावयाचा. हा शोध न करतां केलेली सुरुवात कितीही जोरदार असली तरी ती सुरुवात नव्हे, उधळपट्टी होय.

दुसरें कारण याहून खोल आहे. शत्रूस ठार मारणें हेंच आपलें काम, अशी खेळणाराची समजूत असते. लढाईचा खेळ म्हटल्यावर ती होणें स्वाभाविकच आहे. पण या खेळांत जिंकण्यासाठीं सर्व कीटक मेलेच पाहिजेत असें नाहीं. इमारती वांचल्या पाहिजेत आणि पाळ्या निभावल्या पाहिजेत. ज्या कीटकाचा प्रहार रिकाम्या जागेवर पडला तो त्या पाळीपुरता मेल्यासारखाच आहे. म्हणून मारण्यापेक्षां ढकलण्याला येथें अधिक किंमत आहे.

ढकलण्याचे परिणाम किती प्रकारचे होतात तें पहावें. कीटक जागेवरून हलला तरी त्याच्या प्रहाराची दिशा तीच राहते. त्यामुळें एक घर बाजूस सरकविलें कीं त्याचा नेम चुकतो. तो दुसऱ्या कीटकावर आदळला तर दोघांचाही एकेक प्राण कमी होतो. न उडणारा सामान्य कीटक पाण्यांत ढकलला तर तो बुडून मरतो, मग त्याचे प्राण कितीही असोत. धुराच्या घरांत गेलेल्या कीटकास प्रहार करतां येत नाहीं. जळत्या घरांत गेलेल्यास आग लागते आणि दर पाळीस त्याचा एक प्राण जातो. ज्या घरांतून नवा कीटक निघावयाचा त्याच घरावर जुना कीटक नेऊन बसविला तर नव्याची वाट अडते आणि जुन्याला इजा होते. मात्र इमारतीवर शत्रु आदळला तर इमारतीसही मार बसतो, हें विसरतां कामा नये. शत्रूला ढकलण्याच्या उत्साहांत आपलीच भिंत पाडणारे कांहीं थोडे नाहींत.

हें सर्व प्रत्यक्ष कसें जमतें हें समजण्यासाठीं आरंभीं मिळणारे तीन योद्धे पुरेसे आहेत. पहिला मुष्टियोद्धा. तो शेजारच्या घरांतील शत्रूस ठोसा मारतो. त्यानें दोन प्राण जातात आणि शत्रु एक घर मागें सरकतो. दुसरा तोफयोद्धा. त्याचा गोळा सरळ रेषेंत जाऊन प्रथम जें आडवें येईल त्यास लागतो. एक प्राण घेतो आणि एक घर ढकलतो. तिसरा उखळी तोफेचा योद्धा. त्याचा गोळा मधल्या वस्तूंवरून उडून दूरच्या घरांत पडतो. ज्या घरांत तो पडेल तेथील शत्रूचा एक प्राण जातो, पण तो शत्रु हालत नाहीं. त्या घराच्या चारी बाजूंस जे असतील ते मात्र बाहेरच्या अंगास ढकलले जातात. या तिसऱ्याचा गुण ओळखावयास नवशिक्याला सर्वांत अधिक काळ लागतो. कारण त्याचा उत्तम नेम पुष्कळदां शत्रूवर नसून शत्रूच्या शेजारच्या रिकाम्या घरावर असतो, आणि रिकाम्या घरावर गोळा टाकण्यास मन सहसा धजत नाहीं.

एक डाव उदाहरणादाखल मांडतां येईल. श्रोत्यांनीं मनाशीं किंवा कागदावर आठ घरांचा पट काढावा. ओळी वरून खालीं आणि स्तंभ डावीकडून उजवीकडे मोजावे. अगदीं वरच्या ओळींत, तिसऱ्या स्तंभांत, काजवा या जातीचा कीटक आहे. तो सरळ खालीं गोळा फेंकणार आहे, आणि त्याच स्तंभांत पांचव्या ओळींत एक इमारत आहे. मध्यें कांहींच नाहीं. दुसरीकडे, सहाव्या ओळींत चौथ्या स्तंभांत, विंचू उभा आहे. त्याच्या उजव्या हातास, पांचव्या स्तंभांत, दुसरी इमारत आहे आणि नांगी तिच्यावर रोखलेली आहे. दोघांचेही प्राण तीन तीन. शिवाय उजवीकडे एका घरांतून नवा कीटक निघण्याच्या बेतांत आहे. उखळी तोफेचा योद्धा दुसऱ्या स्तंभांत खालच्या बाजूस आहे, मुष्टियोद्धा विंचवाजवळ जाऊं शकतो आणि तोफयोद्धा त्या बिळाच्या आसपास आहे.

नवशिका काय करील? मुष्टियोद्ध्यानें विंचवास दोन प्राणांचा ठोसा द्यावा, तोफयोद्ध्यानें उरलेला एक प्राण घ्यावा, विंचू मेला. मग उखळी तोफेचा गोळा काजव्यावर टाकावा. काजव्याचा एक प्राण गेला, पण तो जागचा हालला नाहीं. पाळी संपतांच त्याचा गोळा पहिल्या इमारतीवर पडला, आणि बिळांतून नवा कीटक वर आला. हिशेब असा कीं, शत्रु पूर्वीं दोन होते ते दोनच राहिले, आणि वीज मात्र गेली. तीनही शस्त्रें वापरून मिळविलें काय?

आतां दुसरी रीति. मुष्टियोद्धा विंचवाच्या खालच्या घरांत, म्हणजे सातव्या ओळींत चौथ्या स्तंभांत, जाऊन उभा राहतो आणि वरच्या दिशेनें ठोसा मारतो. विंचू पांचव्या ओळींत सरकतो; प्राण एक उरतो. त्याची नांगी उजवीकडेच राहते, पण त्या बाजूचें घर आतां रिकामें आहे. दुसरी इमारत वांचली. मग उखळी तोफेचा योद्धा काजव्याच्या डावीकडील रिकाम्या घरावर, म्हणजे पहिल्या ओळींत दुसऱ्या स्तंभांत, गोळा टाकतो. काजवा उजवीकडे ढकलला जाऊन चौथ्या स्तंभांत येतो. तोंड अजून खालींच आहे. चौथा स्तंभ मध्यें मोकळा असल्यामुळें त्याच्या गोळ्याच्या वाटेंत प्रथम येतो तो पांचव्या ओळींतील विंचू. पहिली इमारतही वांचली, आणि काजव्याच्याच हातून विंचवाचा शेवटचा प्राण जातो. यालाच म्हणतात कांट्यानें कांटा काढणें. विंचवाचा प्रहार आधीं असो कीं काजव्याचा, निकाल बदलत नाहीं. तोफयोद्धा बिळावर जाऊन उभा राहतो. त्याचा एक प्राण जातो, पण नवा कीटक त्या पाळीस वर येत नाहीं. हिशेब असा कीं, इमारत एकही पडली नाहीं, शत्रु दोनांचा एक झाला, आणि तोफयोद्ध्याची तोफ अजून वापरावयाची शिल्लकच आहे.

दोन्ही रीतींत योद्धे तेच, शस्त्रें तींच आणि शत्रूही तेच. फरक पडला तो प्रश्नाच्या मांडणींत. पहिल्या खेळणारानें विचारलें, ‘कोणाला मारूं?’ दुसऱ्यानें विचारलें, ‘हे प्रहार कोठें पडावेत?’ ज्या दिवशीं खेळणाराच्या मनांत दुसरा प्रश्न आपोआप उठूं लागतो त्या दिवशीं त्याच्या खेळाची एक पायरी चढलेली असते.

यानंतर विचार करावयाचा तो नुकसानीचा. प्रत्येक पाळींत सर्वच वांचवितां येईल असें नाहीं. तेव्हां काय द्यावें आणि काय राखावें याचा क्रम आधींच ठरलेला असावा. योद्ध्याच्या अंगावरील जखमा लढाई संपल्यावर भरून निघतात. गेलेली वीज मात्र तशी आपोआप परत येत नाहीं, ती मोठ्या कष्टानें मिळवावी लागते. म्हणून इमारतीवर येणारा गोळा योद्ध्यानें मध्यें उभें राहून अंगावर घेणें हा पुष्कळदां स्वस्त सौदा ठरतो. परंतु त्यालाही मर्यादा आहे. योद्ध्याचे सर्व प्राण गेले तर यंत्र पुढील लढाईस पुन्हां उभें राहतें, पण आंतील चालक मरतो, आणि त्याच्याबरोबर त्यानें मिळविलेला अनुभवही जातो. तात्पर्य, यंत्राची जखम ही नाण्यांची चिल्लर, चालकाचा प्राण ही मोहोर, आणि वीज म्हणजे घराचा पाया. चिल्लर वांचवितांना पाया खचूं देणें यासारखा दुसरा अव्यवहार नाहीं. नवशिके मात्र नेमकें तेंच करतात. आपला योद्धा घायाळ झालेला त्यांना बघवत नाहीं, आणि इमारतींतील माणसें दिसत नसल्यामुळें त्यांचें कांहीं वाटत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, नशिबाचा भाग असतोच. असतो, पण किती? या खेळांत मार बसलेली इमारत कधीं कधीं तग धरते; तिचा संभव प्रारंभीं १५ टक्के असतो, आणि तो आंकडा पडद्यावर लिहिलेला असतो. जें नशीब दिसतें तें खेळणाराच्या फायद्याचें आहे. त्यावर विसंबून चाल करूं नये एवढेंच. नवे कीटक कोणते निघावे हें खेळणाराच्या हातीं नाहीं हें खरें, परंतु बीळ कोठें आहे हें तर आधीं दिसतेंच. एवढें उघड असतांना हार नशिबाच्या माथीं मारणें म्हणजे नाचतां येईना, अंगण वांकडें. आणि यांत खरा तोटा असा कीं, ज्यानें दोष नशिबाला दिला त्याला शिकण्यासारखें कांहींच उरत नाहीं. दहा डाव हरला तरी तो पहिल्या डावाच्याच ठिकाणीं उभा असतो.

मग अभ्यास कसा करावा? पहिली गोष्ट, योद्ध्यांची तुकडी वारंवार बदलूं नये. एकाच तुकडीनें कांहीं डाव खेळले म्हणजे तिच्या शस्त्रांचे गुण हातीं बसतात. रोज नवें पुस्तक उघडणाराचा एकही धडा पक्का होत नाहीं. दुसरी गोष्ट, खेळानें दिलेल्या सवलती ओळखून वापराव्या. योद्धा हालविल्यावर शस्त्र चालविण्यापूर्वीं ती चाल परत घेतां येते. म्हणून घरें चाचपून पाहण्यास संकोच करूं नये. संबंध पाळी पुसून पुन्हां खेळण्याची मुभा मात्र एका लढाईंत एकदांच आहे. ती पहिल्याच पाळीस क्षुल्लक कारणासाठीं खर्चूं नये. आणि लढाई संपेपर्यंत कृपणासारखी कवटाळूनही बसूं नये. तिसरी गोष्ट, चढत्या क्रमानें खेळावें. काठिण्याच्या पायऱ्या खेळांत दिलेल्या आहेत. सोप्या पायरीवर खेळण्यांत कमीपणा नाहीं; मात्र जेथें इमारत पडत नाहींशी झाली तेथेंच रेंगाळणें यांतही अर्थ नाहीं.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी पाळली जाणारी. डाव हरल्यावर लगेच दुसरा मांडूं नये. एक वही जवळ ठेवावी आणि तीन ओळी लिहाव्या : पहिली इमारत कोणत्या पाळींत पडली, त्या वेळीं काय दिसलें नाहीं, आणि दिसलें असतें तर काय केलें असतें. शेवटची पाळी तपासण्यांत फारसें हशील नसतें. त्या वेळीं घर आधींच पेटलेलें असतें. ठिणगी पडली ती दोन-तीन पाळ्या मागें, एखादें बीळ उघडें सोडलें तेव्हां, किंवा योद्धा पटाच्या कोपऱ्यांत नेऊन अडकविला तेव्हां. अशी वीस पानें भरलीं कीं एक गोष्ट उघड होते : माणसाच्या चुका पुष्कळ नसतात, दोन-तीनच असतात, आणि त्याच पुन्हां पुन्हां होतात. तेवढ्या दोन-तीन सुधारणें हें कोणाच्याही आवांक्यांतलें काम आहे.

आणि डोळे जड झाले, चालींचा हिशेब न करतां हात चालूं लागला, कीं खेळ बंद करावा. पाळीचा खेळ थांबतो. त्याला सकाळीं उघडलें तरी तो तेथेंच असतो. रात्रीं एक वाजतां हट्टानें खेळलेले तीन डाव दिवसां शिकलेलेंही विसरावयास लावतात.

असल्या खेळांनीं मुलें शहाणीं होतात काय, असा प्रश्न वडील माणसें विचारतात. नुसत्या खेळण्यानें कोणी शहाणा झाला असता तर बुद्धिबळाचा प्रत्येक पटाईत संसारांतही पटाईत निघाला असता, आणि तसें दिसत नाहीं. पटावरील संवय आपोआप पटाबाहेर येत नाहीं. तिला हातीं धरून आणावी लागते. पण आणण्यासारखें तेथें कांहीं आहे, हेंही तितकेंच खरें. हात घालण्यापूर्वीं सारा पट वाचणें, समोरच्याला चिरडण्यापेक्षां आपलें राखावयाचें काय तें ओळखणें, मोठें वांचविण्यासाठीं लहान देणें, आणि हरल्यावर कारण आपल्या चालींत शोधणें, या चार गोष्टी शाळेंतही शिकविल्या जातात. परंतु शाळेंत त्या ऐकाव्या लागतात, येथें त्या न केल्यास डाव जातो.

या खेळाच्या कथेंत अशी योजना आहे कीं, डाव पुरता हरला तरी जिवंत उरलेल्या चालकांपैकीं एकाला आपला अनुभव घेऊन दुसऱ्या काळांत जातां येतें आणि तेथें तो पुन्हां पहिल्यापासून लढूं लागतो. बाकी सर्व मागें राहतें. हरलेल्या डावांतून बरोबर नेण्यासारखी वस्तु एवढीच असते, आणि ती नेली किंवा नाहीं, यावरच पुढचा डाव अवलंबून असतो.